क्रशर की पुलास्की? 'नेक्स्ट जनरेशन'चे दुसरे पर्व वगळण्यापूर्वी

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही एका अंतराळयानावर घडणारी मालिका आज नव्याने पाहायला घेणाऱ्याला जुने चाहते हमखास एक सल्ला देतात: पहिल्या पर्वातले मोजके भाग पाहा, दुसरे पर्व सोडा आणि तिसऱ्यापासून सलग पाहत जा. १९८७ ते १९९४ या काळात मालिकेचे १७८ भाग झाले, त्यामुळे काहीतरी गाळावे असे वाटणे स्वाभाविक आहे. दुसरे पर्व गाळण्यामागे कथानकांच्या दर्जाची तक्रार असते, आणि तिच्या जोडीला एका पात्राविषयीची नापसंतीही असते. ते पात्र म्हणजे डॉ. कॅथरिन पुलास्की. पहिल्या पर्वातली डॉ. बेव्हर्ली क्रशर १९८८ मध्ये मालिकेतून गेली, तिच्या जागी पुलास्की आली, एका पर्वानंतर पुलास्कीही गेली, आणि परत आलेली क्रशर शेवटपर्यंत राहिली. चाहत्यांमधला वाद मात्र अजून शमलेला नाही, आणि तो बहुतेक वेळा दोघींपैकी चांगली कोण एवढ्याच प्रश्नाशी अडून राहतो.

ज्याला अजून निवड करायची आहे त्याच्यासाठी हा आढावा आहे, म्हणून माझे मत सुरुवातीलाच नोंदवणे बरे. त्या दोन वर्षांपुरते बोलायचे तर डॉक्टर म्हणून लिहिलेले पात्र पुलास्कीचेच अधिक भक्कम होते. परत आल्यानंतरच्या पाच पर्वांत क्रशर जिथवर पोहोचली तिथवर जायला मात्र पुलास्कीला वेळच मिळाला नाही. आणि परतलेल्या क्रशरमध्ये जो ठामपणा दिसतो, त्याची वाट मधल्या वर्षात पुलास्कीने पाडून ठेवली होती असे मला वाटते. त्यामुळे दुसरे पर्व गाळणाऱ्याला पुढची क्रशरही पूर्णपणे कळत नाही.

बदल कसा झाला

पहिल्या पर्वात गेट्स मॅकफॅडन यांनी साकारलेली क्रशर ही विधवा आहे. तिचा नवरा जॅक हा मालिकेतल्या यानाचा कॅप्टन पिकार्ड याच्या हाताखाली पूर्वी 'स्टारगेझर' यानावर काम करताना मरण पावला आणि त्याचा मृतदेह पिकार्डनेच घरी आणला. आता तीच स्त्री आपला मुलगा वेस्ली याला घेऊन त्याच कॅप्टनच्या यानावर मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होते. या मांडणीत केवढे नाट्य दडलेले आहे हे सांगण्याची गरज नाही. तरीही पहिल्या पर्वाच्या लेखकांनी तिला बरेचदा वेस्लीची काळजी करणारी आई आणि पिकार्डकडे ओढली जाणारी स्त्री एवढ्यातच बंदिस्त ठेवले. पर्व संपल्यावर मॅकफॅडन यांचा करार पुढे चालू राहिला नाही. तेव्हाचे मुख्य लेखक मॉरिस हर्ली यांना हे पात्र नको होते, ही गोष्ट नंतर उघड झाली. कथेत मात्र क्रशर स्टारफ्लीटच्या, म्हणजे ही याने चालवणाऱ्या दलाच्या, वैद्यकीय विभागाची प्रमुख होऊन गेली, एवढेच कारण देण्यात आले.

तिच्या जागी आलेल्या डायना मल्डॉर या मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या परिचयाच्या होत्या. १९६८ मध्ये मूळ 'स्टार ट्रेक'च्या दोन वेगवेगळ्या भागांत त्यांनी दोन वेगवेगळ्या भूमिका केल्या होत्या आणि १९७४ मधल्या रॉडनबेरी यांच्या 'प्लॅनेट अर्थ' या दूरचित्रपटातही त्या होत्या. पुलास्कीची भूमिका करताना त्यांचे नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत इतर मुख्य कलाकारांबरोबर येत नाही. ते विशेष पाहुण्या कलाकार म्हणून येते. पात्राला यानावर कायमचे घर मिळालेले नाही, हे प्रेक्षकाला जणू दर आठवड्याला दिसत राहिले.

त्यात १९८८ सालचा पटकथालेखकांचा संप आला. तो मार्चमध्ये सुरू झाला आणि ऑगस्टपर्यंत चालला. त्यामुळे दुसरे पर्व उशिरा, नोव्हेंबरमध्ये सुरू झाले, २६ ऐवजी २२ भागांचे झाले, आणि पहिलाच भाग 'द चाइल्ड' हा १९७० च्या दशकात न बनलेल्या एका 'स्टार ट्रेक' मालिकेच्या जुन्या संहितेवरून तयार करावा लागला. दुसऱ्या पर्वाच्या दर्जातले चढउतार पुलास्कीच्या माथी मारताना एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे. पर्वाअखेर हर्ली बाहेर पडले, क्रशर परत यावी म्हणून चाहत्यांनी पत्रे पाठवली, पिकार्डची भूमिका करणारे पॅट्रिक स्टुअर्ट यांनीही मॅकफॅडन यांना परतण्याचा आग्रह केला, आणि सप्टेंबर १९८९ मध्ये 'इव्होल्यूशन' या भागातून क्रशर पुन्हा यानावर आली.

डेटाचा प्रश्न

पुलास्कीविरुद्धचा सर्वांत मोठा आक्षेप म्हणजे डेटाशी तिचे वागणे. डेटा हा यानावरचा अँड्रॉइड अधिकारी. 'द चाइल्ड'मध्ये ती त्याचे नाव चुकीचे उच्चारते, तो दुरुस्त करतो, तेव्हा त्याने काय फरक पडतो असे ती विचारते. एक माझे नाव आहे आणि दुसरे नाही, असे तो शांतपणे सांगतो. पुढच्याच भागात ती त्याच्यासमोर त्याचा उल्लेख एखाद्या उपकरणासारखा करते आणि मग माफी मागता मागता पुन्हा तीच चूक करते. 'एलिमेंटरी, डियर डेटा'मध्ये तर ती त्याला आव्हानच देते, की शेरलॉक होम्सच्या पाठ असलेल्या कथा सोडवणे वेगळे आणि नवे रहस्य उलगडणे वेगळे, आणि हे दुसरे काम यंत्राच्या आवाक्यातले नाही.

या लिखाणामागचा हेतू स्पष्ट दिसतो. मूळ मालिकेतले डॉ. मॅकॉय आणि तर्कावर चालणारा अधिकारी स्पॉक यांच्यातली जुगलबंदी नव्या यानावर आणायची होती. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर मूळ मालिका पाहिलेल्या मराठी प्रेक्षकांना ती आठवत असेल. पुलास्कीला मॅकॉयचा तिखटपणा मिळाला, माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टर या यंत्रातून जाण्याची त्याची नावडही मिळाली. पण स्पॉक उलट उत्तर देतो, आणि त्याचे उत्तर बहुधा मॅकॉयच्या टोल्याहून धारदार असते. डेटा दुखावलाच जात नसल्यामुळे उलट टोला देत नाही, आणि मग टोमणा मारणारी व्यक्तीच प्रेक्षकाच्या मनातून उतरते. याहून मोठा फरक असा, की स्पॉक कसा जगतो याची मॅकॉय थट्टा करतो, तर पुलास्कीला डेटा जगतो का याचीच शंका आहे. पहिली गोष्ट दोन मित्रांमधली राहते. दुसरी एखाद्याच्या अस्तित्वावरच बोट ठेवते. त्यातून डेटा हा वर्षभरात प्रेक्षकांचा लाडका झालेला आणि पुलास्की कालच आलेली, त्यामुळे निकाल आधीच ठरल्यासारखा होता.

मी या आक्षेपाशी सहमत आहे, मात्र एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. डॉक्टरने जिवंत असण्याची कसोटी विचारणे गैर नाही. तो तिच्या विद्येचा मूळ प्रश्न आहे. खरी चूक पुढे झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये, म्हणजे पुलास्की आल्याला तीन महिनेही झालेले नसताना, 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग प्रसारित झाला. डेटा ही स्टारफ्लीटची मालमत्ता आहे की स्वतःचा निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती, याचा खटला त्यात चालतो. मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिलेला हा भाग संपूर्ण मालिकेतल्या सर्वोत्तम भागांत गणला जातो आणि ते योग्यच आहे. पुलास्की त्यात सुरुवातीच्या पोकरच्या डावाला बसलेली दिसते, आणि ज्या प्रश्नावर यानावर सर्वांत उघडपणे शंका घेणारी ती एकटीच होती, त्या प्रश्नाच्या सुनावणीत तिला एक वाक्यही दिलेले नाही. तिला साक्षीला बोलावले असते, शपथेवर आपले मत तपासायला लावले असते, तर या पात्राची संपूर्ण ओळख बदलली असती. हा दोष व्यक्तिरेखेच्या कल्पनेचा नसून त्या वर्षीच्या लेखनातल्या विसंगतीचा आहे असे मी मानतो.

कारण तिचे मत बदलत जाते, हे त्याच पर्वात दिसते. 'पेन पाल्स'मध्ये डेटाने एका मरू घातलेल्या ग्रहावरच्या लहान मुलीशी संपर्क ठेवला आहे हे उघड होते, तेव्हा त्याच्या बाजूने सर्वांत कळकळीने बोलणारी पुलास्कीच असते. 'पीक परफॉर्मन्स'मध्ये तीच त्याला एका गर्विष्ठ पाहुण्याशी खेळायला भरीस पाडते, तो हरतो, आपल्यात काही बिघाड असावा असे समजून कामावरून बाजूला होतो, तेव्हा ती स्वतः त्याच्याकडे जाऊन समजूत घालण्याचा प्रयत्न करते. जिला तो यंत्र वाटत होता तिलाच त्याचा आत्मविश्वास खचल्याची काळजी वाटते. वगळणाऱ्या प्रेक्षकाला 'द चाइल्ड'मधली पुलास्की ऐकून माहीत असते, आणि ही पुलास्की त्याच्यापर्यंत कधी पोहोचतच नाही.

क्रशरचे डेटाशी असलेले नाते सुरुवातीपासून सोपे आहे. 'द ऑफस्प्रिंग'मध्ये डेटा स्वतःची मुलगी घडवतो आणि पालकत्वाबद्दल क्रशरशी बोलतो. 'डेटाज डे'मध्ये ती त्याला टॅप नृत्य शिकवते. मॅकफॅडन या मुळात नृत्यदिग्दर्शिका असल्यामुळे त्या प्रसंगात जी सहजता आहे ती अभिनयाने आणता येणारी नाही. हे प्रसंग आनंद देतात, पण त्यांत क्रशरला कोणताही पूर्वग्रह ओलांडावा लागत नाही.

रुग्ण तेच, डॉक्टर दोन

दोघींची खरी तुलना करायची तर त्यांनी एकाच माणसावर कसे उपचार केले हे पाहावे. तशी सोय या मालिकेत आहे, आणि वादात ती फारशी वापरली जात नाही याचे मला नवल वाटते.

वॉर्फ हा क्लिंगॉन या परग्रहावरच्या लढवय्या जमातीतला अधिकारी, मान आणि मरण या दोनच गोष्टी मोजणारा. 'अप द लाँग लॅडर'मध्ये तो ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, कोसळतो. पुलास्कीच्या निदानानुसार त्याला क्लिंगॉन मुलांना होणारा गोवरासारखा आजार झालेला असतो. प्रौढ योद्ध्याला लहान मुलांचा आजार व्हावा याची त्याला विलक्षण लाज वाटते. पुलास्की हे गुपित राखते आणि कॅप्टनला वेगळेच कारण सांगून त्याची प्रतिष्ठा सांभाळते. कृतज्ञता म्हणून वॉर्फ तिला क्लिंगॉन चहाच्या विधीला बोलावतो. तो चहा माणसासाठी विषारी असतो. पुलास्की आधी उतारा घेते आणि त्याच्याबरोबर तो पिते. रुग्णाच्या जगात त्याच्या अटींवर शिरण्याचा हा प्रसंग दोन-तीन मिनिटांचा आहे, पण पुलास्कीला रूक्ष म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा असा आहे. जुन्या काळचे घरचे डॉक्टर तोंडाने फटकळ असत आणि घरातली गोष्ट बाहेर जाऊ देत नसत, त्या जातकुळीची ही डॉक्टर आहे.

क्रशरच्या वाट्याला वॉर्फ अधिक कठीण प्रसंगांत आला. 'द एनिमी'मध्ये रोम्युलन या शत्रू जमातीतल्या एका जखमीला वाचवायचे असते आणि त्याला चालेल असा दाता यानावर एकटा वॉर्फच असतो. रोम्युलनांच्या हल्ल्यात आईवडील गमावलेला वॉर्फ नकार देतो, आणि तो शेवटपर्यंत नकारावर ठाम राहतो. क्रशर समजावते, विनवते, पण सक्ती करत नाही; रुग्ण मरतो. पुढे १९९२ मधल्या 'एथिक्स'मध्ये वॉर्फच्या पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय निकामी होतात आणि तो आत्महत्येच्या विधीसाठी मित्राची मदत मागतो. बाहेरून आलेली डॉ. टोबी रसेल त्याच्यावर न पडताळलेली शस्त्रक्रिया करू पाहते. तिने दुसऱ्या एका रुग्णावर प्रायोगिक औषध वापरून त्याला गमावले आहे हे कळताच क्रशर तिला कामावरून दूर करते. शेवटी वॉर्फ दुसऱ्या कोणत्याही मार्गाने जगणार नाही हे पटल्यावरच ती शस्त्रक्रियेला परवानगी देते. शस्त्रक्रिया यशस्वी होते, तरीही क्रशर रसेलला माफ करत नाही. वॉर्फ वाचला याचा आपल्याला आनंद आहे, पण तू जुगार खेळलीस आणि या वेळी तो जिंकला एवढेच, असे तिला तोंडावर सुनावते. निकाल चांगला लागला म्हणून पद्धत योग्य ठरत नाही, हे तत्त्व रुग्णालयांशी संबंध आलेल्या कोणालाही परके वाटू नये. डॉक्टर म्हणून क्रशरचा हा सर्वोच्च क्षण आहे असे मी मानतो, आणि पुलास्कीच्या पूर्ण वर्षात याच्या तोडीचा वैद्यकीय नीतीचा प्रसंग नाही.

जॉर्डी लाफोर्ज हा जन्मांध अभियंता डोळ्यांवरच्या व्हायझरने पाहतो आणि त्याचा त्याला सतत त्रास होतो. मालिकेच्या पहिल्याच भागात क्रशर त्याला वेदनाशामके किंवा शस्त्रक्रिया सुचवते. व्हायझरच्या कामात दोन्हींनी अडथळा येईल म्हणून तो नाकारतो, आणि विषय तिथेच संपतो. 'लाउड ॲज अ व्हिस्पर'मध्ये पुलास्की त्याच्यासमोर याहून पुढचा पर्याय ठेवते: त्याचे डोळे नव्याने घडवून सर्वसामान्य दृष्टी देता येईल. तो थबकतो, कारण साधे डोळे मिळवताना व्हायझरमुळे दिसणारे बरेच काही गमवावे लागणार असते. एका कर्णबधिर मध्यस्थाच्या कथेत हा प्रसंग येतो आणि त्या मध्यस्थाची भूमिका हाउई सीगो या कर्णबधिर अभिनेत्यानेच केली आहे, त्यामुळे उणीव कशाला म्हणायचे हा प्रश्न भागभर घुमत राहतो. या रुग्णापुरते झुकते माप मी पुलास्कीला देतो.

तिसरा रुग्ण खुद्द पिकार्ड. 'समॅरिटन स्नेअर'मध्ये त्याचे कृत्रिम हृदय बदलायचे असते. आपल्या हाताखालच्या लोकांनी आपल्याला दुर्बल अवस्थेत पाहू नये म्हणून तो यानावर पुलास्कीकडून उपचार घ्यायचे टाळतो आणि दूरच्या तळावर जातो. तिथे गुंतागुंत होते, तज्ज्ञाला बोलावले जाते, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला समोर पुलास्की दिसते. हृदयाच्या याच दुखण्यापायी सहाव्या पर्वातल्या 'टॅपेस्ट्री'मध्ये तो मृत्यूच्या दारात पोहोचतो, तेव्हा त्याला वाचवण्यासाठी झटणारी क्रशर असते. पहिल्या प्रसंगात कॅप्टनचा अहंकार आणि डॉक्टरचे कौशल्य यांची गाठ पडते. दुसऱ्यात डॉक्टरच्या हातात तिच्या सर्वांत जवळच्या माणसाचा जीव असतो. दोन्ही प्रसंग एकमेकांच्या जागी बसवता येणार नाहीत, आणि त्यातच दोन्ही पात्रांमधला भेद आहे.

कॅप्टनसमोर उभे राहणे

कॅप्टनला पदावरून दूर करण्याचा अधिकार यानावर मुख्य डॉक्टरकडे असतो. त्यामुळे ती कॅप्टनला कितपत विरोध करू शकते यावर या पात्राचे वजन ठरते. पहिल्या पर्वातल्या 'सिम्बायोसिस'मध्ये एका संपूर्ण ग्रहाला औषधाच्या नावाखाली व्यसन लावले गेले आहे हे क्रशरला कळते, ते त्यांना सांगावे असा आग्रह ती धरते, आणि पिकार्ड परक्या समाजात हस्तक्षेप न करण्याच्या नियमावर बोट ठेवतो. ती रागावते, पण नमते घेते. पुलास्कीला असे नमते घेण्याचे कारण नव्हते. तिच्या आणि पिकार्डच्या मध्ये मृत नवरा नव्हता, न बोललेले प्रेम नव्हते. 'अननॅचरल सिलेक्शन'मध्ये ती पहिल्यापासून त्याच्याशी वाद घालते आणि शेवटी यानाला धोका नको म्हणून संशयित रुग्णाला घेऊन वेगळ्या शटलमध्ये जाते. तिच्याबरोबर संसर्ग न होऊ शकणारा डेटा असतो. तिला वेगाने वृद्धत्व आणणारा रोग जडतो, आणि ट्रान्सपोर्टर टाळण्याच्या तिच्या सवयीमुळे त्या यंत्रात राहणारी शरीराची जुनी नोंदच उपलब्ध नसते. अखेर तिच्या केसाच्या मुळातल्या डीएनएवरून तिला वाचवले जाते. 'टाइम स्क्वेअर्ड'मध्ये पिकार्ड निर्णय घेण्याच्या स्थितीत राहणार नाही अशी शंका येताच, वेळ आली तर त्याला पदावरून हटवावे लागेल हे ती स्पष्ट बोलून दाखवते.

परतलेली क्रशर वेगळी आहे. 'द हाय ग्राउंड'मध्ये स्फोटातल्या जखमींना सोडून यानावर परत येण्यास ती नकार देते आणि म्हणूनच तिचे अपहरण होते. राजकीय हिंसेवरच्या या भागात २०२४ साली आयर्लंडचे एकीकरण झाल्याचा उल्लेख आहे आणि त्यामुळे बीबीसीने तो पहिल्या फेरीत दाखवला नाही. 'आय, बोर्ग'मध्ये बोर्ग या मानवजातीच्या शत्रूचा जखमी सैनिक सापडतो, तेव्हा त्याला वाचवण्याचा आणि नंतर त्याचा संहारासाठी वापर न करण्याचा आग्रह ती धरते. 'सस्पिशन्स'मध्ये आज्ञा मोडून ती शवविच्छेदन करते. विरोधाचा हा सूर पहिल्या पर्वात क्वचितच उमटला होता. पुलास्कीच्या वर्षात तो रोजचा झाला आणि क्रशर परतल्यावर तो तिच्यातही राहिला. फरक एवढाच, की क्रशर पिकार्डला विरोध करते तेव्हा तिला काहीतरी गमवावे लागण्याची शक्यता असते, आणि म्हणून तिचा विरोध अधिक खोलवर लागतो.

हाताचे काम आणि बुद्धीचे काम

'कंटेजन'मध्ये यानाची सगळी संगणकयंत्रणा कोलमडते आणि रुग्णकक्षातली उपकरणे निकामी होतात. मोडलेल्या हाडाचे काय करायचे हे तरुण सहकाऱ्याला सुचत नाही, तेव्हा पुलास्की त्याला खपच्या बांधायला सांगते. यंत्रे नसतील तर डोके, हृदय आणि हात यांनी वैद्यक करायचे, असे ती ठणकावून सांगते. क्रशरची ताकद दुसरीकडे आहे. 'कॉज अँड इफेक्ट'मध्ये यान काळाच्या एकाच फेऱ्यात अडकले आहे याची पहिली जाणीव तिला होते. 'रिमेंबर मी'मध्ये यानावरची माणसे एकेक करून नाहीशी होतात आणि ती कधी होती हेच कोणाला आठवत नाही. शेवटी एकट्या उरलेल्या क्रशरला आपण वेडे झालो आहोत की विश्वच बिघडले आहे याचा निर्णय करायचा असतो. ती पुरावे तपासत जाते आणि स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास सोडत नाही. एका अभिनेत्रीने जवळजवळ एकहाती पेललेला हा भाग क्रशरबद्दल मत बनवण्याआधी पाहिलाच पाहिजे.

खासगी आयुष्याच्या बाबतीत दोघींच्याही वाट्याला कमी-अधिक अन्याय आला. पुलास्की आली तेव्हा मल्डॉर पन्नाशीच्या होत्या, आणि त्या काळच्या दूरचित्रवाणीवर या वयाची, अधिकारपदावरची, भूतकाळ असलेली आणि त्याची लाज न बाळगणारी स्त्री विरळाच दिसे. 'द आयकॅरस फॅक्टर'मध्ये पिकार्डचा दुय्यम अधिकारी रायकर याच्या वडिलांवर तिचे एकेकाळी प्रेम होते हे ती रायकरला आडपडदा न ठेवता सांगते. क्रशरला 'अटॅच्ड'सारखा हळवा भाग मिळाला, ज्यात तिला आणि पिकार्डला एकमेकांच्या मनातले ऐकू येऊ लागते; पण तिलाच 'सब रोझा'ही मिळाला. आजीच्या घरातल्या मेणबत्तीत राहणाऱ्या भूतसदृश प्रियकराच्या नादी लागून ती नोकरी सोडायला निघते, हे 'एथिक्स'मधल्या डॉक्टरला शोभणारे नाही, आणि पुलास्कीच्या संपूर्ण वर्षात तिच्या बुद्धीचा असा अपमान कुठेही झालेला नाही.

काय पाहावे

ज्याला एकाच डॉक्टरसाठी वेळ आहे त्याने क्रशर निवडावी आणि तिसऱ्या ते पाचव्या पर्वांवर भर द्यावा. 'द हाय ग्राउंड', 'रिमेंबर मी', 'एथिक्स' आणि 'आय, बोर्ग' एवढे पाहिले तरी तिची उंची लक्षात येते. सातव्या पर्वात 'डिसेंट'च्या उत्तरार्धात ती यानाची सूत्रे हाती घेऊन बोर्ग जहाजाचा पाडाव करते, तेही चुकवू नये. २०२३ मध्ये 'पिकार्ड' मालिकेच्या तिसऱ्या पर्वात ती परत येते, पण तिथून सुरुवात केली तर पिकार्डशी असलेल्या तिच्या नात्याचा भार जाणवणार नाही.

ज्याला मालिका समजून घ्यायची आहे त्याने दुसरे पर्व क्रमाने पाहावे. त्यात 'द मेझर ऑफ अ मॅन' आहे, बोर्गशी पहिली गाठ घालून देणारा 'क्यू हू' आहे, आणि पुलास्कीचे डेटाविषयीचे मत भागागणिक कसे सरकत जाते हे सलग पाहिल्याशिवाय दिसत नाही. सलग पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते. 'पेन पाल्स'मध्ये त्या मुलीची स्मृती पुसण्यासाठी पुलास्कीने वापरलेल्या पद्धतीचा उल्लेख तिसऱ्या पर्वातल्या 'हू वॉचेस द वॉचर्स'मध्ये क्रशर करते आणि तीच पद्धत वापरून पाहते. एका डॉक्टरने दुसरीच्या कामाची एवढी दखल घेतली, हे मला मोलाचे वाटते, कारण पुलास्की कुठे गेली आणि का गेली याबद्दल मालिकेने एक शब्दही खर्च केलेला नाही.

दुसऱ्या पर्वातला शेवटचा भाग 'शेड्स ऑफ ग्रे' मात्र निःशंकपणे सोडावा. पैसे वाचवण्यासाठी जुन्या भागांतले तुकडे जोडून तो तयार केला गेला. पुलास्की त्यात रायकरवर उपचार करते, आणि निरोपाचा एकही प्रसंग नसताना ती यानावरून कायमची नाहीशी होते. तिचा निरोप पाहायचाच असेल तर त्याच्या आधीचा 'पीक परफॉर्मन्स' तसा समजून पाहावा: डेटा पुन्हा त्या पाहुण्यासमोर खेळायला बसतो, आणि त्याला आधी डिवचणारी आणि मग सावरू पाहणारी पुलास्की तो डाव पाहायला हजर असते.